कोयतीचं निशाण

द्राक्षमळ्यांच्या चढावर जुने कपडे टाकायचा मोठा लोखंडी डबा आहे. तिथवर आलो आणि एल्फ्रीडेबाई थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी छातीशी धरली.

"दम लागला का?" मी विचारलं.

"दम तुला लागलाय. भात कमी कर."

मी हसले. पिशवीत पाव आणि चीज असेल, वर बाकावर बसून खाऊ, अशा समजुतीत मी होते. त्या मात्र डब्याच्या झाकणाकडे बघत राहिल्या आणि काही न टाकताच पुढे चालू लागल्या.

जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात ह्यांना नोकरी लागली म्हणून आम्ही जवळच्या या गावात आलो. एल्फ्रीडेबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. नुसतं नाव घेऊन 'तू' म्हण, असं त्यांनी बजावलं होतं. पण आईच्या वयाच्या बाईला अगं-तुगं करायला माझी जीभ वळेना. त्या मला 'तू', मी त्यांना 'तुम्ही', असंच चालायचं.

तो दोन हजार सहाचा उन्हाळा. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीतच होता, आणि गाडीगाडीवर झेंडे फडफडत होते.

"महिनाभराची हौस," बाकावर बसत त्या म्हणाल्या आणि पिशवीतून कापड काढलं. अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, मध्ये वाकड्या पात्याची कोयती.

हे निशाण माझ्या ओळखीचं होतं. माझं माहेर तासगावकडचं. पहिल्या द्राक्षोत्सवात ते बघून मी ओरडले होते, "अहो, ही तर आमच्या मळ्यातली कोयती!" तिथूनच आमची गट्टी जमली.

ओढ्याच्या दोन काठांवर पूर्वी दोन गावं होती. युद्धानंतर कापड मिळेना, तेव्हा या काठाचं निशाण एल्फ्रीडेबाईंनी आपल्या लग्नातल्या चादरीतून शिवलं. हिरवा रंग सासूबाईंनी कढईत चढवला. मिरवणुकीत ते धरायचा मान त्यांच्या नवऱ्याचा, लुडविगचा. पुढे सरकारनं दोन्ही गावं एक केली. नव्या झेंड्यावर पूल आला, कोयती गेली. तरी उत्सवात या काठाचे लोक जुनंच निशाण लावायचे. दरवर्षी एल्फ्रीडेबाई त्याची उसवलेली कड शिवून द्यायच्या.

"उत्सव समितीनं यंदा छापील आणलंय. पावसात भिजलं तरी चालतं म्हणे. हे परत दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून."

"नगरपालिकेच्या संग्रहालयात विचारलंत?"

"ते म्हणाले, हा आमच्या शहराचा झेंडा नाही. मुलगा हॅम्बर्गहून फोनवर म्हणतो, मुट्टी, त्या डब्यात टाकून दे. आल्झो, म्हणून आले टाकायला." त्यांनी कापडावरून हात फिरवला. "माझ्यामागे तो टाकेलच."

मला एकदम आमच्या भैरोबाची जत्रा आठवली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं, "आमच्याकडे देवळाचं निशाण दरवर्षी बदलतात. जुनं टाकत नाहीत. पट्ट्या फाडून घरोघरी वाटतात. आई ती पट्टी पाळण्याला बांधायची."

"फाडतात? आणि देव रागावत नाही?"

"त्याचं निशाण सगळ्यांच्या घरी जातं. रागवेल कशाला?"

त्यांनी खाली गावाकडे बघितलं. लाल कौलं, ओढा, त्यावरचा पूल. देवळाच्या टेकडीवरून आमचं गाव असंच दिसायचं. मी मनात भैरोबाला हात जोडले.

"आमच्या गल्लीत जुनी घरं अजून आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला एकेक पट्टी पुरेल."

"पुरेल की."

"गेनाऊ, अगदी तसंच." त्यांनी निशाणाची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तूच काप. माझा हात होणार नाही. वाटायला मी येईन बरोबर. फक्त कोयती अख्खी ठेव, आणि तुझ्या त्या देवांच्या फळीशेजारी लाव. तिथे रोज कुणीतरी दिवा लावतं."