नाकवाली

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे ‘नाकवाली’ म्हणायचे. क्रीमची नवी बॅच आली की ती डाव्या मनगटावर चोळायची, हुंगायची आणि वासात जरा खोट वाटली की थेट साहेबांना सुनवायची. बावीस वर्षं तिथे तिचा शब्द चालला. तशीही ती नाकावर माशी बसू देणारी नव्हतीच.

वर्षभर कपाटात ठेवलेले नमुने तपासून झाले की फेकून द्यायचे असत. हिचा जीव तुटायचा. उघड्या डब्या घरी आणून ती कोपरापर्यंत हात माखायची. हवा लागून जुना झालेला सुगंध कातडीला जास्त बाधू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

आधी मनगट खाजलं, मग बोटं फुटली, मग मान. नेमकं काय सोसत नाही ते शोधायला डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या तेव्हा एकीखालची जागा लालबुंद झालेली. त्या पट्टीत फुलांच्या वासाचं एक रसायन होतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही, डॉक्टर म्हणाले, पण एकदा अंगाला सोसेनासं झालं की ते जन्मभराचं. आत्याने औषध विचारलं. टाळायचं, एवढंच त्यांनी सांगितलं.

कारखान्याने निरोप देताना तिच्या हातात क्रीमचा भला मोठा खोका ठेवला. घरी येऊन आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता ती रडायला कधी लागली, कळलंच नाही.

आणि टाळणार तरी काय काय? साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर, शेजारणीचा हात. ‘बिनवासाचं’ लिहिलेल्या डबीतही मूळचा वास झाकायला काहीतरी घातलेलं असायचं. ते तिनेच कित्येकदा हुंगून पास केलं होतं.

मग तिला नात झाली. लेकीने घरातलं वासाचं सगळं काढून टाकलं. पण लेकीला नोकरी, त्यामुळे नात दिवसभर पाळणाघरात, आणि तिथे चारचौघी क्रीम लावलेल्या हातांनी तिला उचलून घ्यायच्या. नात जिथे डोकं टेकवायची, तिथेच आत्याच्या गळ्यावर दुसऱ्या दिवशी चट्टे उठायचे.

मागच्या महिन्यात लेक पाळणाघरातून परस्पर आत्याकडे आली. नात नुकती चालायला लागलेली. दोन्ही हात पसरून आजीकडे निघाली. आत्याला लांबूनच कळलं.

“आपल्याच कारखान्याचं क्रीम आहे,” ती म्हणाली. “जुनं झालेलं.”

लेक म्हणाली, “आंघोळ घालून आणते.”

“किती वेळा घालशील?”

आत्या हात पाठीमागे बांधून उभी राहिली. नात तिच्या पायाशी थांबली, बराच वेळ वर बघत राहिली, मग आईकडे वळली. त्यानंतर ती आजीकडे हात पसरून आलेली नाही.