लव्हाळ्याचा खड्डा

देऊळघाटला आमचं स्वतःचं शेत नव्हतं. आई-बाबा लोकांच्या भाजीच्या वाफ्यांत निंदायला जायचे, शाळा नसली की मीही. बाबांचं सांगणं ठरलेलं: पेरलेल्यावर पाय नको, आणि लव्हाळा दिसला की जमिनीतल्या गाठीसकट काढायचा. त्या निंदणावर मी बी.एस्सी. झालो. घरातला पहिला. मला बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि बाबांना बुलढाण्याजवळच्या एका रिसॉर्टवर माळीकाम मिळालं. तिथली गोल्फची छोटी हिरवळ तेच राखतात.

कंपनीची बैठक नेमकी तिथेच निघाली. बाबांचं मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनीही ओळखलं असावं. दुरूनच मान हलवली.

आमच्या कंपनीच्या साहेबांनी आम्हाला हिरवळीचे नियम सांगितले. चेंडूपासून भोकापर्यंतच्या वाटेवर पाय द्यायचा नाही, सावली पाडायची नाही, कुणी मारत असताना बोलायचं नाही. मला वाटलं, हे तर आपल्याला लहानपणापासून येतं. साहेब चेंडू मारायची काठी आणायला वळले आणि त्या वाटेतच मला लव्हाळ्याची काडी दिसली. हात आपोआप गेला. गाठीसकट आली. मी ती खिशात घातली.

साहेबांचा चेंडू तिथेच अडखळून बाजूला गेला. त्यांनी वाकून पाहिलं. "हा खड्डा कुणी केला? माळ्याला बोलवा."

बाबा आले. आधी खड्डा पाहिला, मग माझी मातीनं माखलेली बोटं.

"माह्याच हातून झालं साहेब. लव्हाळा होता."

"असा माळी ठेवतात का? मॅनेजरला बोलवा, याला काढूनच टाका."

माझ्या पदवीचा फोटो ज्यांनी घरात लावला, ते माझ्यासाठी माफी मागत होते आणि मी बुटांकडे बघत होतो. मॅनेजर अगदी जवळ येईपर्यंत बघत होतो.

"सर, लव्हाळा मी उपटला." खिशातली काडी काढून दाखवली. "आणि हे माझे वडील."

साहेब एवढंच म्हणाले, "मग आधी बोलायचं होतं."

खरंच होतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

बाबा खड्ड्यापाशी बसले. "काऊन बे, राह्यवलं नाही ना तुले? गाठ तरी आली का पुरी?"

"आली, बाबा."

"मंग ठीक हाय. बस इथं."

ते हसत होते. मला हसू येईना. त्यांनी दाखवलं तसं मी कडेचं गवत चारी बाजूंनी आत दाबलं आणि मुठीनं सपाट केलं. साहेबांनी पुन्हा मारला. चेंडू त्या जागेवरून सरळ गेला. "राहू द्या," ते मॅनेजरला म्हणाले.

बाबांचं काम टिकलं.