पाटाच्या पुलापर्यंत

लंकाबाई दिवसातून दोनदाच पाणी प्यायची. सकाळी अर्धं फुलपात्र, संध्याकाळी अर्धं. बेलापुरात चैत्रात जीभ टाळ्याला चिकटते, तरी हा नेम मोडत नसे. लोकांना वाटे, बाईनं कसलं तरी व्रत धरलंय. व्रत कसलं! पाणी प्यायलं की बाहेर जावं लागायचं. बाहेर जायचं म्हणजे भावजय रंगुबाईला हाक मारायची, तिनं पाठीवर घ्यायचं, गाडीवाटेनं बाभळींपर्यंत न्यायचं, पाठ फिरवून उभं राहायचं आणि परत आणायचं.

तिसऱ्या वर्षी ताप आला आणि लंकाबाईचे पाय गेले. तेव्हापासून ती हातांवर चालत होती. भाऊ कानिफनाथच्या जुन्या टायरच्या चपला हातात घालायच्या आणि ओटा, अंगण, चूल एवढ्यात सरपटायचं. भाकरी तिच्याइतकी पातळ गल्लीत कुणाची होत नव्हती. पण गाडीवाटेवर काटे आणि खडी. तिथं हातातल्या चपलांचं काही चालत नव्हतं.

रंगुबाई वाईट नव्हती. लग्न होऊन आल्यापासून चौदा वर्षं नणंदेला पाठीवर घेत होती. हल्ली मात्र तिच्या कमरेत सारखी लचक भरायची, आणि हाक मारल्यावर "आले" म्हणायला तिला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात लंकाबाई ओठ दाबून भिंतीकडे बघत बसायची.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर नगरच्या एका संस्थेनं गाडी पाठवली. तीन चाकं, बसायला फळी. डाव्या हातात वळवायची दांडी, तिच्यावरच ब्रेकची मूठ. उजव्या हातानं फिरवायचं पायडल. संस्थेचे सूर्यभान मिस्त्री सायकलींचे भाग जोडून अशा गाड्या बनवत आणि देण्याआधी ज्याच्या त्याच्याकडून चालवून घेत. आठ दिवस सराव. आठव्या दिवशी लंकाबाईनं घरापासून पाटाच्या पुलापर्यंत एकटीनं जायचं आणि एकटीनं परत यायचं. कुणी हात लावायचा नाही. जमलं तर गाडी तिची. नाही तर यादीत पुढचं नाव शेवगावच्या एका बाईचं होतं.

गाडीवर चढायला-उतरायला ती पहिल्याच दिवशी शिकली. दंड तिचे बाप्यासारखे होते. पण सगळा जन्म जमिनीलगत काढलेल्या बाईला त्या फळीवर बसलं की छपरावर बसवल्यासारखं वाटे. रंगुबाईनं मागून धरल्याशिवाय ती वाटेवरच्या लिंबापुढं कधी गेली नव्हती. लिंबापुढं उतार लागायचा, आणि उताराच्या तळाशी पाट दुथडी वाहत होता.

आठव्या दिवशी तिनं सकाळचं पाणीही घेतलं नाही. शेजारची दगडाबाई गंमत बघायला ओट्यावर येऊन बसली होती.

"लंके, पडायचंच तर पाटात पड गं. खडीवर पडशील तर दात जातील."

"माझे दात राहू दे, तू तुझी जीभ संबाळ," लंकाबाई म्हणाली आणि टायरच्या चपला मांडीवर घेऊन गाडीच्या फळीवर बसली.

रंगुबाईनं तिन्ही चाकांना हळदकुंकू लावलं. "वन्सं, आज बगा कशी पळती गाडी!"

मिस्त्रींनी तिच्या मांडीवरच्या चपलांकडे बोट दाखवलं. "त्या कशाला आता?"

"असू द्या. सवय हाय."

लिंबापर्यंत ती नीट गेली. मग चाकांनी उतार धरला. तिनं पायडल सोडलं आणि शिकवल्याप्रमाणे मूठ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली, सगळं बळ लावून. मूठ पार आत गेली आणि पुढचं चाक तसंच गरगरत राहिलं. वारा कानांत शिरायला लागला. पाणी मोठं होत होतं. मरणाच्या विचाराआधी तिच्या मनात आलं ते हेच, की आता सगळ्यांदेखत लुगडं भिजणार.

वळवायची दांडी सोडून दिली तर गाडी कुठंही जाईल, हे तिला कळत होतं. तरी तिनं ती सोडली. दोन्ही हात चपलांत घातले आणि शेजारून पळणाऱ्या मागच्या चाकांवर दाबून धरले, जसे रोज जमिनीवर रोवायची तसे. मनगटं हिसकली. रबर करपल्याचा वास आला. गाडी वाकडी झाली, खडीवर घसरली आणि पुलाच्या दगडापाशी जाऊन थांबली. पुढचं चाक काठापासून हातभर होतं.

मिस्त्री धापा टाकत आले. त्यांनी पुढच्या चाकावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे वंगण कुणी लावलं?"

मागून धावत आलेली रंगुबाई जागीच थांबली. "मी. सकाळी. ते रबर चाकाला घासत हुतं, किर्र किर्र वाजायचं. आवो, गाडी म्हणलं की वंगण नको?"

"माझे आई, ते ब्रेकचं रबर, घासायलाच बसवलंय!"

रंगुबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. लंकाबाईला तिच्याकडे बघवेना आणि पाण्याकडेही बघवेना.

मिस्त्री हळू म्हणाले, "बाई, घाबरलात तुम्ही. ढकलत नेतो वर."

"मग गाडी शेवगावला?"

नियम मिस्त्रींनीच सांगितला होता.

"वंगण पुसा आन् बाजूला व्हा."

काठालगत तिनं गाडी वळवली. चढावर चार वेळा हात भरून आले आणि चारही वेळा गाडी मागं सरकायला लागली. दर वेळी पाठीमागचं पाणी तिला मानेवर जाणवायचं. ब्रेकवर तिचा भरवसा राहिला नव्हता. ती पायडल सोडायची, चपला चाकांवर दाबून श्वास घ्यायची आणि पुन्हा फिरवायला लागायची. कानिफनाथ लिंबाखाली उभा होता. त्यानं दोनदा हात पुढं केला. "आक्के, धरू का?" तिनं मानेनंच नको म्हटलं.

दारात गाडी थांबली तेव्हा दगडाबाई ओट्यावरून उठून उभी राहिली. मिस्त्रींनी कागद काढून लंकाबाईच्या अंगठ्याला शाई लावली. तिनं तो कागदावर दाबून धरला.

रंगुबाई पाणी घेऊन आली. सवयीनं अर्धंच फुलपात्र.

"भर की."

रंगुबाईनं भरलं. लंकाबाईनं ते एका दमात संपवलं आणि पुन्हा पुढं केलं. भर दुपार होती.

थोड्या वेळानं तिनं गाडीचं तोंड बाभळींच्या वाटेकडे वळवलं. रंगुबाई कमरेवर हात ठेवून उठायला लागली.

"येऊ का, वन्सं?"

"बस तू," लंकाबाई म्हणाली. तिनं चपला मांडीवर नीट ठेवल्या, ब्रेकची मूठ दोनदा दाबून पाहिली आणि पायडलाला हात घातला.