उसना दिलेला टेबलक्लॉथ

मौमेरे बंदराच्या वर, डोंगरात आग्नेता परेराचं घर. अंगण इतकं लख्ख की कोंबडीही पाय ठेवायला बिचकायची. नवरा वारलेला, मुलगा मलेशियात राबणारा, घरात ही एकटी. ऑक्टोबरात मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एकेका घरी मुक्कामाला जाते. आग्नेताकडे आली तेव्हा तिने चूलसुद्धा घासून काढली होती. नेमके त्या दिवशी फादर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या युस्तिनाकडे मात्र आले, आणि तिथल्या धुरात खोकत म्हणाले, "स्वर्ग मेल्यावरच दिसतो असं कोण म्हणतं? या चुलीपाशी बघा."

आग्नेताच्या अंगाचा तिळपापड झाला. मूर्तीखाली अंथरलेला भरतकामाचा टेबलक्लॉथ तिनेच उसना दिलेला, आणि कौतुक कुणाचं?

सकाळी ती टेबलक्लॉथ मागायला गेली. खरं तर असं आहे तरी काय तिथे, ते बघायला गेली. काळ्या भिंती, करपलेली मक्याची पेज आणि अंथरुणाला खिळलेली, शिव्या घालणारी सासू.

"तुझा स्वर्ग करपलाय ग," आग्नेता म्हणाली.

"सासूबाईंनी हाक मारली, पेज विसरलेच!" युस्तिना खो खो हसली. "बरं झालं आलीस. जरा डोकं धर त्यांचं, भरवते."

नाक मुरडत आग्नेताने डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीने घोट गिळला, वर पाहिलं. "ही तुझ्यापेक्षा नीट धरते ग, युस्तिना."

आग्नेताला असं काही बरं वाटलं की विचारू नका. तिने चमचाच हिसकावून घेतला. त्या गडबडीत टेबलक्लॉथ राहिला. तो न्यायला ती दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हाही राहिला. मग ती रोजच जाऊ लागली.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर शेवग्याच्या पाल्याचं सूप घेऊन पोचली, तर म्हातारीचं डोकं रोसालियाच्या मांडीवर! ही कोण लागून गेली? गल्लीच्या टोकाची, आजवर कधी फिरकली नव्हती.

"ताई, हा घे तुझा टेबलक्लॉथ," युस्तिना म्हणाली. "धुऊन, घडी घालून ठेवलाय."

आग्नेताने तो हातात घेतला. आता उद्या यायचं कोणत्या तोंडाने? तिने घडी मोडली आणि टेबलक्लॉथ म्हातारीच्या हनुवटीखाली खोचला.

"ऊठ ग रोसालिया. जागा माझी आहे."

पहिल्याच चमच्याला हिरवं सूप भरतकामावर सांडलं.

"धुऊन ठेव ग युस्तिना," आग्नेता म्हणाली. "उद्या नेईन."