सालाने ठेवलेला वकील

आमच्या गावात कोणी वकील केला असं कळलं, की ऐकणारा लगेच विचारायचा, "कोनावर?" वकील हा कोणावर तरी करायचा असतो, अशीच सगळ्यांची समजूत. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, गाय दुसऱ्याच्या तुरीत शिरली म्हणून. भांडण नसताना वकिलाकडे गेलेलं माणूस कोणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून माझ्या मावशीने वकील शोधायचं मनावर घेतलं, तेव्हा आधी गावभर सांगून टाकलं, की आपण डोळे दाखवायला चाललो. तिचे डोळे तेव्हा माझ्यापेक्षा चांगले होते. सुपातला खडा तिला ओट्यावरून दिसायचा.

मला मावशीनेच वाढवलं. माझी आई मी पाळण्यात असताना गेली. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि काकाही लवकरच गेले. पुढे लग्न होऊन मी दिग्रसला सासरी गेले आणि थोड्याच काळात परत आले. का आले ते सांगत बसत नाही. तो राग मी बरीच वर्षं जपला, आता त्याचा काही उपयोग उरलेला नाही. आले ती एक पत्र्याची पेटी घेऊन. ती माजघरात भिंतीशी ठेवली, पण तिच्यातलं सामान कधी लावलं नाही. लागेल ते लुगडं काढायचं, धुऊन वाळवून पुन्हा पेटीत. जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या तालुका बोर्डाच्या शाळेत मास्तरीण झाले, गावातली पोरं मला वचकून राहू लागली, तरी पेटी तशीच. मावशी बघायची आणि गप्प बसायची. ती गप्प बसली, की मला जास्त लागायचं.

घर आणि दोन वावरं काकांची. एक वावर नाल्याकाठचं काळंभोर, यवतमाळच्या रस्त्याला लागून. दुसरं माळावरचं बरड. काका आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्या वाटण्या काकांच्या हयातीतच झाल्या होत्या. मावशीचे हे दीर शेजारच्याच घरात राहायचे. मावशी सालगडी ठेवायची, पेरणी तिच्या हुकमाने व्हायची, सरकारचा सारा तीच भरायची. पण वावराला ती नेहमी 'त्याईचं वावर' म्हणायची. काका जाऊन इतकी वर्षं झाली तरी वावर 'त्याईचं'च. गावातल्या सगळ्यांना कायदा पाठ होता, की विधवेने जगेपर्यंत खावं, तिच्या मागे सगळं नवऱ्याच्या भावाकडे जावं. मावशीलाही तो पाठ होता, आणि तिने त्यावर कधी 'काहून?' म्हटलं नव्हतं.

म्हटलं ते दिरांच्या मुलाच्या सोयरिकीच्या वेळी.

मुलीकडची मंडळी यायची होती आणि दिरांची ओसरी लहान, म्हणून बैठक आमच्याकडे झाली. पोहे झाले, चहा आला. मुलीच्या मामांनी विचारलं, की पोराच्या नावाने काय काय आहे. दिरांनी आपली वावरं सांगितली आणि त्याच दमात हात फिरवून म्हणाले, "आन् हे घर बी पोराचंच समजा. वहिनीच्या मांगं हे सारं त्यालेच हाय. नाल्याकाठचं वावर बी." मावशी तेव्हा त्यांच्याच कपात चहा ओतत होती. तिने कप भरला आणि पुढे सरकवला. मी दाराआड उभी होते. माझ्या अंगाची लाही झाली. मावशीच्या मागे मी कुठे जायचं? माझ्या पगारात खोली परवडली असती. पण तेव्हाच्या गावात टाकलेल्या बाईला खोली देणारं घर मिळालं नसतं.

पाहुणे गेले. मावशीने कप विसळले, पालथे घातले आणि म्हणाली, "एक वकील पाहा लागते."

"कोणावर?" मीही तेच विचारलं. मी त्याच गावची.

"कोनावर नाई. तुह्यासाठी."

डोळे दाखवायला म्हणून निघालो आणि आम्ही दारव्ह्याच्या तहसिलीत गेलो. तिथे कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाने मावशीचं म्हणणं अर्धंच ऐकलं आणि पान चघळत निकाल दिला, "बाई, तुमाले खाता येते, देता येत नाई." जवळच एका तरुण वकिलाची बैठक होती, त्याच्याकडे गेलो. त्याने टाक उचलला आणि विचारलं, "समोरचा कोण?"

"समोर कोनी नाई," मावशी म्हणाली.

"म्हणजे आपण ज्याच्यावर दावा लावतो आहोत तो."

"दावा नाई लावाचा. मले माह्या पोरीसाठी घर ठेवाचं हाय."

मावशीने सगळी हकीगत सांगितली, आणि सांगून झाल्यावर तीच पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. वकील वैतागला. "बाई, ऐकलं मी एकदा! तुमच्या दिरावर आपण असा दावा ठोकू, की..." मावशीने पिशवी उचलली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. तेच तेच कशाला सांगत बसलीस? ती म्हणाली, "सालगडी मी तसाच तं पाह्यतो." आणि ते खरं होतं. गुढीपाडव्याला वर्षाचा गडी ठेवताना ती त्याला एकच काम दोनदा सांगायची. दुसऱ्यांदा ऐकताना जो तोंड वाकडं करील, त्याला पाणी पाजून वाटेला लावायची. बैलांना रोज तेच तेच सांगावं लागतं, जो माझ्यावर चिडतो तो बैलांवर चिडेल, हे तिचं गणित. या गणिताने वकील निवडायचा म्हटल्यावर मी आशाच सोडली. वकील आणि दोनदा ऐकून घेणार!

मग शाळेतल्या हेडमास्तरांना मी भीतभीत विचारलं. त्यांनी यवतमाळच्या एका म्हाताऱ्या वकिलांचा पत्ता दिला. भांडणापेक्षा कागद करून देण्यात त्यांना जास्त गोडी आहे, आणि म्हणून त्यांच्याकडे गर्दी नसते, असं हेडमास्तर म्हणाले. पुढच्या रविवारी मावशीचे डोळे पुन्हा दुखायला लागले आणि आम्ही यवतमाळची मोटार धरली.

वकील घरच्याच ओसरीवर बसले होते. मावशीने सगळं सांगितलं. सोयरीक, चहा, 'पोराचंच समजा'. मग पुन्हा पहिल्यापासून. मी खाली मान घालून बसले. वकिलांनी दुसऱ्या वेळीही तितक्याच शांतपणे ऐकलं, आणि मध्येच म्हणाले, "सारा तुम्हीच भरता, असं मघा म्हणालात. गडीही तुम्हीच ठेवता?"

"हाव."

"मग बाई, ते वावर तुमचं आहे."

"जगेपर्यंत," मावशी म्हणाली.

"नाही. तो जुना कायदा. आता बदलला. नवऱ्याकडून तुमच्याकडे आलं आणि तुमच्या ताब्यात आहे, ते पुरतं तुमचं. विका, ठेवा, या पोरीच्या नावाने मृत्युपत्र करा."

"कवा बदलला?"

"झाली काही वर्षं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. जणू मास्तरीण असून मी हे तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं, अर्जनवीसाला नव्हतं, आणि दारव्ह्याच्या त्या वकिलाला असलंच तर दावा लावल्याशिवाय सांगायचं नसावं. आमच्याकडे कायदा बदलला तरी कोणी दवंडी देत नाही.

"अजून एक खेप सांगा," मावशी म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तोच आवाज. तोंडावर आठी नाही. मी चोरून पाहिलं, मावशीच्या चेहऱ्यावर पाडव्याचा भाव आला होता. गडी पसंत पडल्याचा. मला पुढचं दिसायला लागलं आणि तिला थांबवेपर्यंत तिने पिशवीतून नवं धोतर काढून वकिलांच्या पुढ्यात ठेवलंसुद्धा.

"सालाचं काय घ्याल?" ती म्हणाली. "आमच्याकडं ज्वारी, धोतरजोडा आन् वहाना देतेत. घोंगडी बी देईन."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वकिलांनी चष्मा काढला, धोतराकडे पाहिलं, आणि इतके हसले, की आतून त्यांची बायको बघायला आली. मग डोळे पुसून म्हणाले, "बाई, वकील सालाने नसतो हो ठेवायचा. एका कामाचा घ्यायचा आणि सोडून द्यायचा."

"आन् मंग पुढल्या साली माहं मन बदललं तं?"

ते हसायचे थांबले. "हे मात्र बरोबर विचारलंत. मृत्युपत्र तुम्ही जिवंत आहात तोवर बदलता येतं. असं करू. पाडवा झाला, की एकदा येऊन जात जा. मी वाचून दाखवीन. ठेवायचं असेल तर ठेवू, बदलायचं असेल तर बदलू." धोतर त्यांनी बायकोच्या हाती दिलं. बाकी फी त्यांनी रीतसर घेतली, तेही सांगायला हवं.

आम्ही उठायला लागलो तर म्हणाले, "दोन साक्षीदार लागतील. एक आमचे कारकून आहेत. दुसरे तुमचे दीर आणा."

मी उसळले. "ज्यांच्या भीतीने आलो त्यांनाच सांगायचं?"

"म्हणूनच. तुमच्या मावशीच्या मागे त्यांना कळलं तर ते दारव्ह्याला जाऊन वकील करतील. आज त्यांचीच सही असली तर कोणावर करतील?"

परतताना सगळी वाट मी फणफणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने दिरांना हाक मारली, चहा ठेवला आणि त्याच जागी बसवलं, जिथे सोयरिकीला बसवलं होतं. मी दाराआड. या खेपेला दार पुरतं लोटून घेतलं होतं, कारण आपण मध्येच काहीतरी बोलू, हे मला ठाऊक होतं.

मावशीने आडवळण घेतलं नाही. डोळ्यांचं निमित्त खोटं होतं, आपण वकिलाकडे गेलो होतो, घर आणि नाल्याकाठचं वावर पोरीला आणि माळावरचं वावर तुमच्या पोराला, असं एका दमात सांगून ती थांबली. मला वाटलं, आता हे उठतील आणि गावभर जाऊन सांगतील, वहिनीने माझ्यावर वकील केला.

"वहिनी," दीर म्हणाले, "तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"तुमीच तं सांगतलं, भाऊजी. पाव्हन्याईसमोर."

"थे मी..." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरीचा मामा लय विचारून राह्यलता. मले वाटलं थोडं जास्त सांगावं. थे तुमाले इतकं लागलं?"

"मले नाई लागलं. माह्या पोरीले लागलं. थे इथं पाव्हनी हाय काय?"

मग दिरांनी एकच विचारलं, माळावरचं वावर नक्की पोराच्या नावाने लिहिणार का? आजवर ते धरून चालले होते, पण त्यांच्याकडेही कागद कुठे होता! 'हाव' म्हटल्यावर त्यांनी चहा संपवला. "कवा जाचं हाय यवतमाळले?"

माझा जीव भांड्यात पडला. ज्या माणसाला मी मनातल्या मनात इतके दिवस शिव्या घातल्या, तो बाहेर मावशीला विचारत होता, सहीला कोणतं धोतर नेसू.

रजिस्ट्रारच्या कचेरीत मावशीने अंगठा दिला, दिरांनी मोडीत सही केली. फार दिवस सही केली नव्हती, म्हणून आधी हवेत बोट फिरवून पाहिलं. सह्यांआधी वकिलांनी कागद मोठ्याने वाचला, आणि मावशी काही म्हणायच्या आत स्वतःच दुसऱ्यांदा वाचला.

परतीच्या मोटारीत दीर पुढच्या बाकावर बसले, मी आणि मावशी मागे. गाव जवळ आलं तसा रस्त्याच्या कडेला नाला लागला. मावशीने मला कोपराने ढोसलं आणि खिडकीबाहेर बोट केलं. लहानपणापासून रोज पाहिलेलं वावर ती मला नव्याने दाखवत होती.

"पाह्य," ती म्हणाली. "माहं वावर."

दीर वळून बघतील असं वाटलं. ते वळलेच. "धुरा खचला तिकडचा, वहिनी," ते म्हणाले. "यंदा भराव टाका लागते."

घरी आल्यावर मावशीने पाय धुतले, चूल पेटवली. मी कागद कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे पाहत होते. तिने माजघरातल्या माझ्या पेटीकडे मान केली. मला वाटलं, कागद पेटीत ठेव म्हणते आहे. म्हणून मी झाकण उघडलं.

"त्यात नाई," ती म्हणाली. "आधी थे रिकामी कर."

मी कागद फडताळात ठेवला आणि एकेक लुगडं काढून त्याच्याशेजारी लावायला घेतलं. डोळे भरून येत होते, घड्या नीट पडत नव्हत्या. मावशीने चुलीपाशी बसूनच हाक मारली, "वरचा कप्पा माह्यासाठी सोड." ती पेटी पुढे तिने ज्वारीच्या पिठाला घेतली.