विहीणबाईंच्या खांद्यावरची घोरपड

मला बघायला आलेल्या बाईंच्या डाव्या खांद्यावर आमची घोरपड पडली, तेव्हा त्यांच्या तोंडात शिऱ्याचा घास होता. तो त्यांनी आधी गिळला. मग किंचाळल्या.

"अय्यो, यव्वा! काय हाय हे?"

"चिंगी हाय आमची," अप्पा म्हणाले. (घाबरलेल्या माणसाला काय सांगावं, हे माझ्या वडिलांना कधीच कळलं नाही.) "भिऊ नका विहीणबाई, लई गरीब हाय!"

विहीणबाई! अजून सुपारी फुटायची होती!

चिंगी शेपटीसकट चांगली दोन हात लांब. सोलापुरात आमचं भुसाराचं दुकान, मागे घर. उंदीर ज्वारीची पोती फोडायचे, म्हणून अप्पांनी तिला पिल्लू असताना आणली. तिला न्हाऊ घालणं, उन्हात बसवणं माझ्याकडे. आमच्या शाकाहारी घरात मांस खाणारी तेवढी एकच! पाहुणे येणार म्हणून आत्यानं तिला तुळईवर हाकललं होतं. "वर कोण बघतंय?" म्हणाली.

नवरामुलगा वळसंगचा. तो धावला आणि चिंगीची शेपटी धरून ओढू लागला.

"ओढू नका!" अप्पा ओरडले. "ओढली की जास्त धरती!"

तोवर नखं लुगड्यात रुतली होती. आणखी एक हिसका, आणि बाईंची अब्रू गेली असती!

एवढ्यात आत्याला शास्त्र आठवलं. "बाईच्या डाव्या खांद्यावर पाल पडली की लाभ असतोय!"

"ही पाल हाय व्हय?" बाई रडकुंडीला आल्या.

"मोठी पाल, मोठा लाभ!"

बाईंचे यजमान शिरा खातच म्हणाले, "पाल पडती अन् पळती. ही तर बसली की! मग फळ कवापासनं धरायचं? पडल्यापासनं का उतरल्यावर?"

यावर अप्पा, आत्या आणि यजमान यांचा वाद सुरू झाला. चिंगीची जीभ बाईंच्या कानाशी लवलवत होती. बाईंनी पितळी तांब्या उचलला. आता चिंगीचं डोकं फुटणार आणि माझं लग्न मोडणार!

मान खाली, आवाज खाली, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं मला सकाळपासून बजावलं होतं. मी पाटावरून उठले, पदर खोचला, नवऱ्यामुलाला ढकललं आणि बाईंच्या हातातला तांब्या हिसकावला.

"गप बसा की! तुमी हाललात की ती आवळती!"

बाई गप्प बसल्या. चिंगीही. मी एकेक नख सोडवलं, चिंगीला काखोटीला मारलं. लुगड्याची पार चाळण झाली होती.

"पोरगी तोंडाळ हाय," बाई म्हणाल्या. मग आत्याकडे वळून हळूच, "लाभ नक्की हाय न्हवं?"

"नक्की!"

"मग सुपारी फोडा."

त्या दुपारी चिंगी वाचली, सासूबाई वाचल्या. लाभ म्हणून त्यांच्या घरात मी गेले. सासूबाई त्यातूनही वाचल्या!