बत्तीस चिमटी धूर

कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की नाकोबा. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडायचंही. पाइपचा तंबाखू बनवणाऱ्या त्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: नवा माल हुंगायचा, ओढून बघायचा आणि चिठ्ठीवर 'पसंत' किंवा 'नापसंत' लिहून सही करायची. या सहीशिवाय एक डबा बाहेर जात नसे.

माल इंग्लिश पद्धतीचा. म्हणजे वरून पाक नाही, अर्क नाही, फळाफुलांचे लाड नाहीत. पानाला जी चव असेल तीच. फिकं गोडसर पान, थोडं आंबूस पान, आणि लाकडाच्या धुरात आठवडेच्या आठवडे टांगून काळं केलेलं धुरीचं पान. या तिघांचं प्रमाण जमलं तर मिश्रण जमलं. लपवायला काही नसतं, त्यामुळे चूकही लपत नाही, असं नाकोबा नव्या माणसांना सांगत आणि सांगताना नाक जरा वर करत.

या नाकाचे लाड मात्र घरात फार. सुवासिक साबण बंद, अत्तर बंद, सकाळच्या स्वयंपाकात कांदा-लसूण बंद. बायकोनं लग्नानंतर महिन्याभरातच माहेरून आणलेली अत्तराची बाटली शेजारणीला देऊन टाकली होती. तिनं कधी कुरकूर केली नाही. उलट त्या काळात एक गंमत व्हायची. नाकोबा जिना चढून आले की घंटीला हात लावायच्या आत दार उघडायचं. कसं, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढे ते हळूहळू बंद पडलं. आता दोनदा घंटी वाजवावी लागे, आतून "कोण आहे?" येई आणि मग कडी निघे. इतक्या वर्षांनी असं व्हायचंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण दुसऱ्यांदा घंटी दाबताना रोज काहीतरी खुपायचं.

तर निवृत्तीला बारा दिवस उरले असताना शेवटचा माल तपासायला आला.

तपासायची रीत ठरलेली. गेल्या वर्षी पसंत केलेल्या मालातला एक डबा हवाबंद करून कपाटात ठेवलेला असतो, तो नमुना. नवा माल त्याच्याशी जुळवायचा. तीन बशा मांडतात, एकीत नमुना आणि उरलेल्या दोन्हींत नवा माल, किंवा उलट. कुठली बशी वेगळी ते नाकोबांनी ओळखायचं. त्यांना ओळखता आली नाही, तरच माल पास. त्यांच्या हरण्यावर कारखाना चालत होता म्हणा ना.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बशा मांडल्या. नाकोबांच्या जागी त्याच येणार होत्या. हुशार, कमी बोलणाऱ्या. नाकोबांनी पहिल्या बशीतली चिमूट तळहातावर चोळली, मूठ बंद केली, उघडली. गोळा सावकाश सुटला. ओल बरोबर होती. चिमूट नाकाशी नेली. दुसरी बशी. मग तिसरी हुंगली आणि ते खुर्चीत मागे सरकले.

पांढऱ्या मातीचा पाइप घेतला. तपासणीला हाच वापरतात, कारण त्याला आधीच्या तंबाखूची याद राहत नाही. तिन्ही ओढून बघितले, मध्ये पाण्याच्या चुळा भरल्या. पहिल्या दोन बशांत धूर नुसता अंगावर येत होता. तिसरीत तो कुठेतरी मागे, शहाण्यासारखा बसलेला. म्हणजे तिसरी बशी नमुन्याची आणि नवा माल साफ चुकलेला. इथपर्यंत सरळ होतं.

घोटाळा पुढे झाला. त्यांना चुकलेला माल ओळखीचा वाटत होता. नुसता ओळखीचा नाही. अगदी जवळचा. आणि नमुना, ज्याच्यावर त्यांची स्वतःची सही होती, तो पाणी घातल्यासारखा लागत होता.

"तिसरी वेगळी आहे," ते म्हणाले.

"बरोबर. मग नापसंत लिहू?"

"थांबा. उद्या बघतो."

बत्तीस वर्षांत 'उद्या' हा शब्द त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. बाईंनी वर बघितलं.

त्या संध्याकाळी नाकोबांनी घरातल्या वस्तू हुंगायचा सपाटा लावला. बुटाचं पॉलिश, काडेपेटी, औषधाची बाटली, वर्तमानपत्र. डोळे मिटून ओळखायचे आणि उघडून खात्री करायचे. सगळं बरोबर येत होतं, आणि त्यामुळे ते जास्तच गोंधळले. नाक गेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. निदान दोष कुणाला द्यायचा ते कळलं असतं.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"मग चपला का हुंगताय?"

त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि हात धुतले. आपण जाता जाता सगळ्यांसमोर हसं करून घेणार, ही भीती त्यांना प्रथमच वाटली. पसंत लिहावं तर नमुन्याशी बेइमानी, नापसंत लिहावं तर जिभेशी. जो माणूस जन्मभर नाकासमोर चालला, त्याला आता नाकच दोन दिशा दाखवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं. "हा माल जुळवला कुणी? तराजूवाले काका तर रजेवर आहेत."

तराजूवाले काका म्हणजे पानं तोलून मिसळणारे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते, आणि प्रमाण सगळं त्यांच्या डोक्यात.

"मीच जुळवला," बाई म्हणाल्या. "मालकांच्या खोलीत त्यांच्या आजोबांच्या हातचं मिश्रणाच्या प्रमाणाचं कार्ड फ्रेममध्ये लावलंय ना, त्यावरून. गुंजेचाही फरक केलेला नाही."

ते कार्ड नाकोबांनी हजारदा बघितलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. आता दोघं त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. धुरीचं पान, शंभरात चाळीस. बाईंनी तिथूनच काकांना फोन लावला. काका म्हणाले, "हल्ली चोवीसेक घालतो. साहेब सांगतात तसं."

"मी कधी सांगितलं चोवीस?" नाकोबा चिडले.

"चोवीस असं नाही सांगितलंत. दरवर्षी म्हणता ना, यंदाचं पान जरा कडक आहे, चिमूटभर कमी करा. मी करतो."

हे खरं होतं. दरवर्षी पान जरा कडकच यायचं. नाकोबा हवेला दोष देत, शेतकऱ्याला देत, लाकडाला देत.

बाई कार्डावरचे आकडे पुन्हा वाचत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, नमुन्याचा डबा गेल्या वर्षीचा असतो ना?"

"हो."

"बंद डब्यात वर्षभर राहिलं की धुरीचं पान मऊ पडतं का?"

"पडतंच. त्याचा जोर उतरतो. हे तर..." आणि ते थांबले.

हे तर कुणालाही माहीत असतं, असं म्हणणार होते. ताजा माल ते वर्षभर निवलेल्या डब्याशी जुळवत होते. ताजा कडक लागणारच. मग चिमूटभर कमी. तो माल डब्यात वर्षभर निवायचा आणि पुढच्या वर्षी तोच नमुना. पुन्हा चिमूट. बत्तीस वर्षं, बत्तीस चिमटी. एकाही वर्षी ते चुकले नव्हते, आणि मूळ मिश्रण मात्र त्यांच्याच सहीनं कधीच कारखान्यातून निघून गेलं होतं.

आपण अभिमान बाळगायचा की लाज, हेच त्यांना समजेना.

मालक, म्हणजे त्या आजोबांचे नातू, आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग बाजारात काय पाठवायचं? लोकांना आता हेच फिकं आवडतं. चूक म्हणायचं तरी कशाला?"

"मला माहीत नाही," नाकोबा म्हणाले. हेही त्या इमारतीत प्रथमच बोललं गेलं.

चिठ्ठी तरी लिहायलाच हवी होती. कार्डावरचा माल त्यांनी पुन्हा एकदा ओढला. या वेळी तपासायला नाही, नुसताच. दुपारभर तपासणीच्या खोलीत एकटे बसून ते ओढत राहिले, तपासनीसानं कधी ओढू नये इतका. मग चिठ्ठीवर 'पसंत' किंवा 'नापसंत' यांच्याऐवजी लिहिलं: 'नमुन्याशी जुळत नाही. कार्डाशी जुळतो. नमुना चुकलेला आहे आणि तो मी चुकवला आहे.' सही केली. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि कार्डाच्या मालाचा एक डबा कपाटात, नमुन्याच्या शेजारी ठेवला. त्यावर काय लिहायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

घरी निघाले तेव्हा कोटाला धूर चिकटलेला होता. वाटेत ते हिशोब जुळवत होते, की लोकांनी बत्तीस वर्षं नेमकं कशाचं कौतुक केलं, आणि तो हिशोब काही केल्या जुळत नव्हता. जिना चढले. घंटीकडे बोट नेलं.

दार उघडलं. बायको उभी होती, हात ओले, पदराला पुसत.

"घंटी वाजवली नाही मी," ते म्हणाले.

"जिन्यातच कळलं. वास आला ना, पूर्वीसारखा."

"कसला पूर्वीसारखा?"

"तुमचा. आधी यायचा, मी दार उघडायची. मग हळूहळू येईनासा झाला." ती जरा ओशाळली. "मला वाटलं, माझंच नाक गेलं. पण तुम्हाला कसं सांगणार? तुमच्यासारख्या माणसाला."

ते उंबऱ्यावरच उभे राहिले. बोट अजून घंटीपाशीच होतं.